तो ट्रंपेट कोणाचा?

वाचकहो, भाषांतराच्या व्यवसायात एक जुना, कोठेही न लिहिलेला संकेत आहे. भाषांतर चांगले उतरले, तर ते कोणी केले याची चौकशी कोणी करीत नाही. ते बिघडले, तर मात्र पहिला प्रश्न तोच असतो. गेली बारा वर्षे मी याच संकेताच्या छायेत काम करीत आहे. दिल्लीतील एका कचेरीत बसून, इतर भाषांतून आलेला मजकूर मी मराठीत आणते. तो कोल्हापूरपासून इंदूरपर्यंत आणि बडोद्यापासून तंजावरपर्यंत पसरलेल्या मराठी घरांत जातो. त्यात मुलांच्या लसीकरणाची माहिती असते, शास्त्रज्ञांची चरित्रे असतात, कधी एखादी तेलुगू किंवा असमिया कथा असते. मूळ लेखकाचे नाव ठळक अक्षरांत छापले जाते. वाक्ये मात्र, अथपासून इतिपर्यंत, माझी असतात.

याची खंत मी कधी बाळगली नव्हती. परंतु दोन वर्षांपूर्वी नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी, अगदी मायेने, मला विचारले, “अगं, इतकी वर्षे लिहितेस, पण स्वतःचं असं काही लिहितेस की नाही?” प्रश्न साधा होता. त्या रात्री मात्र तो मला झोपू देईना. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्याचे शब्द वाहून नेण्यात गेली, तर ते जगणे आपले म्हणता येईल का? नोकरी सोडावी, काही स्वतंत्र लिहावे, असा विचार पुढे कित्येक महिने मनात घर करून होता. या विचाराला वळण दिले ते एका ट्रंपेट वाजविणाऱ्या गृहस्थाने. त्यांचे निधन १९६७ मध्ये झाले, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. म्हणूनच त्यांची हकीकत आपल्याला सांगाविशी वाटते.

आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांचा ट्रंपेट ऐकलेला आहे. १९५१ सालचा ‘अलबेला’ चित्रपट आठवा. भगवानदादांची ती पाय न उचलता उचलल्यासारखी वाटणारी चाल, गीता बालीचा खट्याळपणा आणि सी. रामचंद्र यांचे संगीत यांनी त्या काळी देशाला वेड लावले. आजही लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत ती गाणी वाजतात. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने एकदा ‘शोला जो भडके’ ऐकता ऐकता मला विचारले, “आई, गाणं म्हणणारे कोण ते तू सांगितलंस, पण मधेच तुतारीसारखं वाजवतंय ते कोण?” लता मंगेशकर आणि चितळकर ही गायकांची नावे तबकडीवर छापलेली आहेत. वादकांची छापलेली नाहीत. मुलांना हे कळत नाही की काही प्रश्न विचारायचे नसतात; म्हणूनच ती योग्य प्रश्न विचारतात.

गोमंतकातील बारदेश तालुक्यात, म्हापसा नदीच्या काठी हळदोणे नावाचे गाव आहे. तेथे १९१६ साली आंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म झाला. त्या वेळी गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल होता आणि ख्रिस्ती वस्तीच्या गावांत चर्चला जोडून शाळा असत. प्रार्थनेच्या वेळी गाण्यासाठी आणि वाजविण्यासाठी मुले हवीत, म्हणून त्या शाळांत अक्षरओळखीबरोबर स्वरांचीही ओळख करून दिली जाई. पाच रेघांवर मांडलेले पाश्चात्य स्वरलेखन मुलगा धुळाक्षरांच्या वयातच वाचू लागे. पुढे त्याच्या हाती व्हायोलिन येई, नाहीतर एखादे फुंकून वाजवायचे वाद्य. शेतीचा तुकडा लहान आणि गावात दुसरे काम नाही, अशा घरांतील कित्येक तरुणांनी या विद्येच्या बळावर पोट भरले. मुंबई, कलकत्ता, कराची, रंगून, त्याचप्रमाणे मसुरीसारखी थंड हवेची ठिकाणे, या सर्व ठिकाणी हॉटेलांतील वाद्यवृंदांत, पोलिसांच्या आणि पलटणींच्या बँडांत आणि मूकपटांच्या काळी थिएटरांच्या खड्ड्यांत गोव्याची माणसे बसलेली असत. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’ होत्या. एका गावच्या माणसांनी वर्गणी काढून चालविलेल्या त्या खोल्यांत नवखा तरुण आपली पेटी एका कोपऱ्यात ठेवी आणि काम शोधायला बाहेर पडे.

आंतोनियो वाझ यांनी ट्रंपेट जवळ केला. हे वाद्य दिसायला देखणे, पण वागायला मोठे कठीण. ते सरळ केले, तर सुमारे दीड मीटर लांबीची एक पितळी नळी आहे. तिच्या एका टोकाला ओठ टेकविण्याची वाटी असते आणि दुसरे टोक धोत्र्याच्या फुलासारखे उमललेले असते. मधे तीन व्हॉल्व्ह असतात. दुसरा दाबला की हवेचा मार्ग थोडा लांबतो आणि स्वर अर्ध्या सुराने उतरतो. पहिला दाबला की एका सुराने, तिसरा दाबला की दीड सुराने. या तीन बोटांच्या निरनिराळ्या मेळांतून सगळे सप्तक काढायचे. परंतु बोटे हा या विद्येतील सोपा भाग. खरा स्वर ओठांच्या थरथरण्यातून जन्मतो. एकही व्हॉल्व्ह न दाबता, केवळ ओठ आवळून आणि श्वास तोलून वादकाला कित्येक स्वर काढावे लागतात. सतारीची तार तुटली तर दुसरी बसविता येते. ट्रंपेटवाल्याची तार म्हणजे त्याचे स्वतःचे ओठ; ते फुटले, सुजले किंवा पुढचे दात गेले, की कित्येकदा सारी कमाईच बुडते.

ज्या वर्षांत आंतोनियो हे वाद्य साधत होते, त्याच वर्षांत मुंबईला एक नवे संगीत ऐकू येऊ लागले होते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादकाने आपला जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हे ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक आले. वेदरफर्ड हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिकागोमध्ये ज्या वाद्यवृंदात वाजवीत, त्याच वृंदात लुई आर्मस्ट्राँगही वाजवीत असत. पुढे वेदरफर्ड यांनी चीनमध्ये बरीच वर्षे काढली, नंतर ते हिंदुस्थानात आले आणि १९४५ साली कलकत्त्यात निधन पावले. स्वतःच्या देशात वर्णभेदामुळे ज्यांना पुढच्या दाराने आत जाता येत नसे, अशी ही माणसे मुंबईत आणि कलकत्त्यात वृंदाचे नायक म्हणून मानाने उभी राहिली. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून गोमंतकीय वादक बसू लागले. कुडचडे गावचे फ्रँक फर्नांड हे ट्रंपेटवादक वेदरफर्ड यांच्याच वृंदात तयार झाले.

जॅझ ही गोव्याच्या मेस्त्रांनी शिकविलेल्या विद्येहून निराळी विद्या होती. चर्चमधील शिस्त सांगे, कागदावर आहे तेच वाजव. जॅझ सांगे, कागद पाठ झाला की तो बाजूला ठेव आणि तुला काय म्हणायचे आहे ते वाजव. आपल्या ख्यालगायकीत बंदिश हातभर आणि विस्तार गावभर असतो; तसेच काहीसे हे आहे. आर्मस्ट्राँग यांनी १९२८ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या आरंभी त्यांचा एकट्याचा ट्रंपेट, कोणतीही साथ नसताना, आलापासारखा झेपावतो. पुढच्या दोन पिढ्यांतील ट्रंपेटवादकांनी तो तुकडा तुळशीला प्रदक्षिणा घालावी तसा पुनःपुन्हा ऐकला.

आंतोनियो हे आर्मस्ट्राँगचे निस्सीम भक्त झाले. गुरू सातासमुद्रापलीकडे, आणि शिष्याजवळ साधन काय, तर तबकड्या आणि चित्रपट. एकलव्याने मातीची मूर्ती समोर ठेवली होती. यांच्यासमोर ग्रामोफोनचा कर्णा होता. गुरूचा खरखरीत गळा, हातातील पांढरा रुमाल, स्वर टिपेला नेताना मान मागे टाकण्याची लकब, हे सर्व त्यांनी उचलले. लोक त्यांना ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले आणि रंगमंचावर ते ‘चिक चॉकलेट’ झाले. आज हे नाव कानाला थोडे चमत्कारिक लागते. त्या काळच्या नृत्यगृहांत मात्र त्याचाच डंका होता.

मला या पदवीचा प्रथम थोडा रागच आला होता. दुसऱ्याच्या नावाने ओळखले जाण्यात कसले भूषण? पण थोडा विचार केल्यावर ध्यानात आले, की आपल्या घराण्यांच्या परंपरेत शिष्याचा आवाज गुरूच्या आवाजासारखा वाटला, तर आपण त्याला नक्कल म्हणत नाही, तालीम म्हणतो. गुरूची सावली अंगावर असतानाच शिष्याचे पाऊल कोठेतरी वेगळे पडते आणि तेथे तो स्वतः भेटतो. चिक यांचे वेगळे पाऊल कोठे पडले, ते पुढे येईलच.

विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात त्यांनी ‘म्युझिक मेकर्स’ हा अकरा वादकांचा वृंद उभा केला आणि तो ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. असा वृंद म्हणजे नुसती वादकांची गर्दी नव्हे. ट्रंपेट आणि ट्राँबोन ही पितळी वाद्ये एका बाजूला, सॅक्सोफोन आणि क्लॅरिओनेट दुसऱ्या बाजूला आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांची ताल धरणारी फळी मागे. एका बाजूने प्रश्न करावा, दुसरीने उत्तर द्यावे. भजनात बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा, तशी ही देवघेव चालते. नायकाला एकाच वेळी तीन कामे असतात. स्वतः वाजवायचे, दहा जणांना एका श्वासात ठेवायचे आणि समोर नाचणाऱ्यांच्या पावलांकडे पाहून लय वाढवायची की उतरवायची याचा निर्णय करायचा. शिवाय महिनाअखेर त्या दहा घरांत पगार पोचवायचा. वाद्यवृंदाच्या नायकाचे हे चौथे काम त्याच्या छायाचित्रात कधी दिसत नाही.

पुढे काळ पालटला. १९४७ मध्ये इंग्रज गेले आणि नृत्यगृहांतील गिऱ्हाईकांचा मोठा भाग त्यांच्याबरोबर गेला. १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि हॉटेलांतील रात्री ओसरू लागल्या. वादकांनी जावे कोठे? त्याच वेळी दादर, महालक्ष्मी आणि ताडदेव येथील चित्रसृष्टीत बोलपटांचे संगीत वाढत होते. चार-सहा वाद्यांच्या साथीवर पूर्वी भागत असे. आता संगीतकारांना तीस-चाळीस वादकांचा ताफा हवा होता. हा ताफा कागदावर लिहिलेले स्वर पाहताक्षणी वाजवू शकेल अशी माणसे कोठे होती? गोव्याच्या चर्चशाळांतून आलेली ती माणसे मुंबईतच होती.

चिक चॉकलेट आणि सी. रामचंद्र यांची गाठ याच वळणावर पडली. रामचंद्र नरहर चितळकर हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. मराठी भावगीताची गोडी त्यांच्या रक्तात होती आणि कानाला मात्र परदेशी लयीची ओढ. १९५० सालच्या ‘समाधी’ चित्रपटातील ‘गोरे गोरे’ हे त्यांचे गाणे एका लॅटिन अमेरिकन थाटाच्या इंग्रजी गाण्यावर बेतलेले होते. पुढच्याच वर्षी ‘अलबेला’ आला. बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिओनेट आणि सॅक्सोफोन यांचा मेळ त्यांनी ‘शोला जो भडके’मध्ये घातला. चिक हे त्यांचे सहायक होते. रामचंद्रांनी या वृंदाला चित्रपटात पडद्यावरही आणले. झालरींच्या बाह्यांचे सदरे घातलेले ते वादक आजही तेथे पाहावयास मिळतात.

‘सहायक’ हा शब्द येथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. त्या काळचा संगीतकार हार्मोनियम घेऊन बसे आणि चाल गाऊन दाखवी. ती चाल त्याच्या गळ्यात असे, कागदावर नसे. पुष्कळांना पाश्चात्य स्वरलेखन येतही नसे. सहायक ती ऐकता ऐकता पाच रेघांवर उतरवून घेई. गाण्याच्या आधीचा तुकडा, दोन कडव्यांमधील मोकळी जागा, गायिकेच्या स्वरामागे धूसर वाहणारी व्हायोलिनची ओळ, या सर्वांचा विचार करून तो प्रत्येक वाद्यासाठी निराळा कागद लिही. मग सारे वादक आणि गायक एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहून गाणे अखंड म्हणत-वाजवीत. शेवटच्या ओळीत एकाचा स्वर ढळला, तरी सर्वांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

हे वाचीत असताना माझ्या लक्षात आले, की हे तर भाषांतर! यमन किंवा भैरवीच्या वळणाने आलेली चाल, जिला चौकट ठाऊक नाही, ती चौकटीच्या लिपीत आणावयाची. आणि आणताना तिचा लचकपणा मोडू द्यावयाचा नाही. मींड पाच रेघांवर कशी लिहावी, हा प्रश्न आणि ‘अभिमान’ व ‘अहंकार’ यांतील छटा परभाषेत कशी न्यावी, हा प्रश्न एकाच जातीचे आहेत. चिक यांचे पाऊल गुरूपासून वेगळे पडले ते येथे. आर्मस्ट्राँगची वाट न्यू ऑर्लिन्सहून निघाली होती. तिला हिंदुस्थानी गाण्याच्या अंगणात आणून सोडण्याचे काम आर्मस्ट्राँगच्या हातून होणारे नव्हते.

‘अलबेला’च्या त्या एका गाण्यात किती वाटा येऊन मिळतात पाहा. गीत लिहिणारे राजेंद्र कृष्ण पंजाबचे. नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराच्या घरातले. चाल पुणतांब्याच्या चितळकरांची. गाणाऱ्या लताबाईंच्या वडिलांचे गाव गोव्यातील मंगेशी, म्हणजे देवळातील चौघड्याच्या आणि कीर्तनाच्या परंपरेचे. आणि ट्रंपेटची विद्या हळदोण्याच्या चर्चच्या परंपरेतली. एका लहानशा प्रदेशातील दोन धर्मांची दोन गाणी, ज्यांची गावात कदाचित कधीच गाठ पडली नसती, ती मुंबईतील एका मायक्रोफोनपुढे शेजारी शेजारी उभी राहिली. एकात्मतेवरील कितीतरी मजकूर मी आजवर मराठीत आणला आहे. इतके नेमके उदाहरण माझ्या वाचनात दुसरे आले नाही.

आता नावाकडे वळू. चिक यांच्या आयुष्यात एक विलक्षण द्वंद्व होते. रात्री हॉटेलात ते वृंदाचे नायक असत. फलकावर त्यांचे नाव असे, लोक त्यांच्या नावासाठी येत. दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात तेच ओठ, तोच श्वास, पण नाव नसे. असलेच तर श्रेयनामावलीच्या कोपऱ्यात ‘सहायक’ म्हणून. संगीतकार म्हणूनही त्यांनी स्वतंत्र काम केले. देव आनंद आणि मधुबाला यांचा ‘नादान’ १९५१ मध्येच आला. त्याचे संगीत चिक चॉकलेट यांचे आहे आणि तलत महमूद यांचा मुलायम स्वर त्यात आहे. पुढच्या वर्षी ‘रंगीली’ आला. त्या चित्रपटांवर त्यांचे नाव संगीतकाराच्या जागी छापलेले होते. नशिबाची गंमत अशी, की जेथे नाव ठळक होते तो ‘नादान’ आज थोड्यांनाच आठवतो आणि जेथे नाव कोपऱ्यात होते तो ‘अलबेला’ घरोघरी आहे.

हे कळल्यावर मला क्षणभर मोठा दिलासा वाटला. पाहा, काम टिकले की नाही. मग नावाची मातब्बरी काय! परंतु वाचकहो, हा दिलासा फार सोपा आहे आणि मला तो आपल्या हाती देववत नाही. त्या वादकांना दर ध्वनिमुद्रणामागे ठरलेले पैसे मिळत आणि व्यवहार तेथेच संपे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजले, तरी त्यांतील एक पैसा वादकाच्या घरी येत नसे. मला महिन्याच्या महिन्याला वेतन मिळते, भविष्य निर्वाह निधी आहे, आजारपणात रजा आहे. माझे निनावीपण आणि त्यांचे निनावीपण एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. भाषांतरकाराने मूळ लेखकापुढे दिसू नये, हा कलेचा धर्म आहे. तो मी आपखुशीने पाळते. पण कष्टणाऱ्याचे नाव आणि त्याचा मोबदला दोन्ही गाळणे, हा कलेचा धर्म नव्हे. ती केवळ रूढी आहे. नम्रता आणि उपेक्षा बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून आपण कित्येकदा दुसरीला पहिलीचे नाव देऊन मोकळे होतो.

हा भेद मला माझ्या मामांमुळे अधिक समजला. थोरले मामा कोल्हापुरात लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवीत. पितळी बटणांचा लाल कोट, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि वैशाखाचे ऊन. पन्नाशीच्या आत त्यांचे पुढचे दोन दात गेले आणि वाद्य खुंटीला लागले. पुढे ते एका कापडदुकानात हिशेब लिहीत. एकदा मी त्यांना विचारले, “मामा, इतकी लग्नं वाजवलीत, कुणी तुमचं नाव विचारलं का हो?” ते हसून म्हणाले, “अगं, पत्रिकेत आचाऱ्याचं नसतं, मांडववाल्याचं नसतं. आमचं कुठनं असणार? पण वरात दारात आली नि नवऱ्या मुलाच्या आजीनं पदर खोचून फेर धरला, की समजायचं, आपलं नाव निघालं.” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तरीही दात गेल्यावर त्या मालकाकडून त्यांना एक रुपयाही मिळाला नव्हता, ही गोष्टसुद्धा खरी होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात, एकमेकींना न पुसता, राहू शकतात.

चिक चॉकलेट यांना उतारवय असे लाभलेच नाही. १९६६ मध्ये चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ प्रकाशित झाला. राजेश खन्ना यांचा हा पहिला चित्रपट. संगीत खय्याम यांचे. त्यात रात्रीच्या क्लबातील एक गाणे आहे. तरुण भूपिंदर सिंग गिटार घेऊन ते गातात आणि त्यांच्याबरोबर ट्रंपेट घेतलेले चिक दिसतात. पन्नाशीचे गृहस्थ, पण स्वर किंचितही थकलेला नाही. पुढल्याच वर्षी, १९६७ च्या मे महिन्यात, वयाच्या ५१ व्या वर्षी मुंबईत त्यांचा अंत झाला. त्यांच्या अंत्ययात्रेला मोठी गर्दी लोटली होती आणि शवपेटीत त्यांचा ट्रंपेट त्यांच्या छातीवर ठेवला होता, असे सांगतात.

त्यांच्या मागून आलेल्या काळाने या साऱ्या वादकांवर फारशी कृपा केली नाही. १९८० नंतर ध्वनिमुद्रणाचे तंत्र बदलले. वादकांनी एकत्र बसण्याची गरज उरली नाही. विजेवर चालणारे एक वाद्य वीस व्हायोलिनांचे काम करू लागले आणि मोठे वृंद हळूहळू विखुरले. परंतु नावांची नोंद अगदीच झाली नाही असे नाही. मजोर्डे गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गुंफले गेलेले पाहिले. गंमत म्हणजे ते गाणे कोट्यवधींनी म्हटले; त्या नावाचा एक खराखुरा व्हायोलिनवादक २०१२ पर्यंत हयात होता, हे फारच थोड्यांना ठाऊक होते. पुढे ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ग्रंथ लिहिला. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या नावाने सिद्ध केला. चिक यांच्यासारख्यांची चरित्रे आज आपल्याला ठाऊक आहेत, ती अशा माणसांनी वेळीच दारे ठोठावली म्हणून. ज्या घरांत कोणी जाऊन विचारले नाही, त्या घरांतील पेट्या मात्र केव्हाच भंगारात गेल्या असतील.

माझ्या प्रश्नाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. मी नोकरी सोडली नाही. चिक यांच्या चरित्राने मला निनावी राहण्यात धन्यता मानायला शिकविले, असे मात्र नाही. त्यांनी शिकविले ते एवढेच, की दुसऱ्याची चाल आपल्या श्वासाने वाजविली, तर त्या वाजविण्यात आपण असतोच. नात्यातील त्या बाईंना मी आता निःसंकोच सांगू शकते, की होय, मी लिहिते. दर महिन्याला लिहिते. त्याबरोबर आमच्या कचेरीत मी एक आग्रहही धरला. कथा आणि कविता यांच्या खाली भाषांतरकाराचे नाव लहान अक्षरांत का होईना, छापले जावे. तो आग्रह गेल्या वर्षापासून मान्य झाला आहे. पहिले नाव छापले गेले ते माझे नव्हे, निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याचे. त्यांनी तो अंक घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन प्रती मागून घेतल्या.

वाचकहो, आपल्या घरातही अशी नावे असतील. एखादे काका मेळ्यात क्लॅरिओनेट वाजवीत असतील, एखाद्या आत्या नाटक कंपनीसाठी झालरी शिवत असतील, एखाद्या आजोबांनी छापखान्यात दुसऱ्यांच्या ग्रंथांचे खिळे जुळविले असतील. ते हयात असतील तोवर त्यांच्याजवळ बसून विचारा. कोणते काम, कोणत्या साली, कोणाबरोबर, आणि मिळाले काय, हेही विचारा. ते लिहून ठेवा. आणि रेडिओवर ‘अलबेला’चे गाणे लागेल, तेव्हा घरातील मुलांनी मधल्या ट्रंपेटबद्दल विचारले, तर त्यांना सांगा: हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ.